तबला बंद करू नका

‘मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तबला चार वर्षं बंद ठेवावा का?’ या प्रश्नावर माझं मत : अजिबात नको. एकदा सुटलेला हात परत बसवताना जीव जातो, हे मी बीईच्या दुसऱ्या वर्षी भोगलंय.

२०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. पण इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स आणि हजेरी बघता मला सोबत तबल्याची पदवी झेपण्यासारखी वाटत नाही. त्यापेक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा द्याव्यात. मी त्यांची विशारद परीक्षा तशीच दिली. एकदा कॉलेजचं सबमिशन आणि मंडळाची परीक्षा एकाच आठवड्यात आली. कॉलेजने दाद दिली नाही, परीक्षेचं ते सत्र हुकलं.

बाकी दोन्हींचं जमतं छान. वर्गात मॉड्युलो (भागाकारानंतरची बाकी काढणं) शिकवलं तेव्हा मला तिहाईच (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) दिसली : पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम, एकूण १७. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून उचला, शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर.

हॉस्टेलवर डग्गा नेण्याआधी रूममेटला मात्र विचारायला सांगा. मी नव्हतं विचारलं.