बँक्सीचं नाव न सांगणं
परवानगी न घेता भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश कलावंत बँक्सी यानं आपलं खरं नाव लपवणं ही निव्वळ प्रसिद्धीची युक्ती, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. ब्रिस्टलमध्ये तो भिंती रंगवू लागला तेव्हा पोलिसांची भीती खरीच होती. स्टेन्सिलकडे वळला तोही वेळ वाचवायला: आकार आधीच कापून ठेवायचा, भिंतीवर झटपट स्प्रे मारून निघायचं.

२०१८ च्या लिलावात फ्रेममधल्या यंत्रानं अर्धवट कातरलेलं त्याचं चित्र सगळ्यांना आठवतं (तेच २०२१ मध्ये सुमारे १.८६ कोटी पौंडांना गेलं). मला मात्र कोविडच्या काळात साउदॅम्प्टनच्या रुग्णालयात लावलेलं त्याचं चित्र जवळचं वाटतं. बॅटमॅन, स्पायडरमॅन टोपलीत पडलेत आणि मुलगा नर्सची बाहुली उडवतोय. पाहून गलबलून आलं होतं. त्याच्या विक्रीचे पैसे ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी दिले गेले.