बंदुकांच्या मालकीचा राज्यवार अंदाज कसा बांधतात?

प्रश्न: अमेरिकेत बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही नसताना, कोणत्या राज्यात किती घरांत बंदूक आहे हे अभ्यासक कशावरून ठरवतात?

प्रतिसाद १: एकूण आत्महत्यांपैकी बंदुकीने झालेल्यांचे प्रमाण हा त्यांचा नेहमीचा आधार. ऐकायला विचित्र वाटते खरे. परंतु मृत्यूचे कारण प्रमाणपत्रावर नोंदले जातेच, आणि २००१, २००२ व २००४ सालच्या आरोग्य-सर्वेक्षणांत घरातील बंदुकीविषयी थेट विचारले असता मिळालेल्या उत्तरांशी हे प्रमाण बरेच जुळते.

प्रतिसाद २: लहान राज्यांत मात्र ते दरवर्षी हेलकावते. तिथे काही वर्षांची सरासरी घ्यावी.

प्रतिसाद ३: घरे आणि बंदुका यांची गल्लत नको. स्मॉल आर्म्स सर्व्हे या शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार अमेरिकेत शंभर माणसांमागे सुमारे १२० बंदुका आहेत, तरी निम्म्याहून अधिक घरांत एकही नसते. एखाद्याकडे कपाटभर असतात.