विद्यापीठात सतार शिकायची असेल, तर विभागातील शिक्षकांविषयी नेमके काय विचारावे?

कोथरूडकर पालक:

माझ्या मुलीने गांधर्व महाविद्यालय मंडळाची सतारवादनाची मध्यमा पूर्ण (मधल्या टप्प्याची) परीक्षा दिली असून बारावीनंतर सतार हाच मुख्य विषय घेऊन तिला पदवी करायची आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून कार्यरत आहे आणि शहरातील इतरही काही विद्यापीठांत संगीताचे विभाग आहेत, त्यामुळे पुण्यात पर्याय नाहीत असे म्हणता येणार नाही. माझी काळजी प्रवेशाची नाही, शिक्षकांची आहे. माहितीपत्रकांत ‘गायन, वादन, नृत्य’ असे ठळकपणे लिहिलेले असते. परंतु वादन म्हणजे तबला आणि संवादिनी की तंतुवाद्येही, आणि तंतुवाद्ये असली तर प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र शिक्षक आहे की एकच व्यक्ती सतार, सरोद आणि व्हायोलिन असे सगळे सांभाळते, हे त्यातून कळत नाही. एका विभागात (नाव मुद्दाम लिहीत नाही) चौकशी केली, तेव्हा “सतारीचे सर तासिका तत्त्वावर येतात, पुढच्या वर्षीचे अजून ठरलेले नाही,” असे उत्तर मिळाले.

मुलीचे सध्याचे गुरुजी पदवीला विरोध करत नाहीत, पण “हात बिघडू देऊ नकोस” एवढे बजावतात. जाणकारांनी कृपया सांगावे की प्रवेश घेण्यापूर्वी आम्ही विभागाला कोणते प्रश्न विचारावेत, आणि पदवीच्या काळात गुरुजींची तालीम चालू ठेवावी की थांबवावी.

तरफ:

मी अनेक वर्षे एका विद्यापीठात सतार शिकवली आणि आता निवृत्त आहे. आपल्याला मिळालेले उत्तर निराशाजनक असले तरी प्रामाणिक आहे, हे आधी नोंदवतो.

विद्यापीठात संगीताचा शिक्षक दोन वाटांनी येतो. पहिली वाट पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. यांची. नेट ही संगीत विषयाची लेखी, बहुपर्यायी परीक्षा आहे. तीत वाद्य हातात घ्यावेच लागत नाही. दुसरी वाट कलावंतांसाठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार, नामवंत गुरूंकडे तालीम घेतलेला, आकाशवाणीची वरची श्रेणी मिळवलेला आणि शास्त्र सोदाहरण समजावून सांगू शकणारा पदवीधर कलावंतही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. शिवाय २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून औपचारिक शैक्षणिक अर्हतेची अट न घालता अनुभवी व्यक्ती नेमता येते. मात्र अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत आणि त्यांची मुदतही मर्यादित असते. कागदावर हे सारे चांगले आहे. प्रत्यक्षात पद मंजूर होऊन भरले जाईपर्यंत तंतुवाद्यांचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकच उचलतात, आणि त्यांतले कित्येक मंजूर पदावरच्या माणसापेक्षा उत्तम वाजवतात. म्हणून ‘कायमस्वरूपी शिक्षक आहेत का?’ एवढ्याच प्रश्नावर थांबू नका.

खरा प्रश्न असा विचारा: एका तासाला किती सतारी एकत्र बसतात? गायनाच्या वर्गात एका तानपुऱ्यावर दहाजण बसू शकतात. सतारीच्या वर्गात प्रत्येकाचे वाद्य स्वतंत्रपणे, आणि तेही रागानुसार लावावे लागते. आदल्या तासाला यमन झाला आणि आज भैरव घ्यायचा असेल, तर प्रत्येक सतारीच्या तरफांतले (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांतले) ऋषभ, मध्यम आणि धैवत बदलावे लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अकरा ते तेरा तरफा लावताना निम्मा तास सहज लागतो, आणि शेजारी दुसरा विद्यार्थी त्याच वेळी आपल्या खुंट्या पिळत असेल तर त्याहून अधिक. पन्नास मिनिटांच्या तासिकेत पाच सतारी बसवणारा विभाग वेळापत्रक भरतो, सतार शिकवत नाही. ज्या विभागात एकेका विद्यार्थ्याला किंवा फार तर दोघांना एकत्र बसवतात, तेथे शिक्षक तासिका तत्त्वावरचा असला तरी निःशंकपणे जावे.

मिजराब:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण शिक्षक कोणत्या बाजाचा (वादनशैलीचा) आहे हा मुद्दा त्यात राहून गेला.

मी खर्जाची (सर्वांत खालच्या सप्तकाची) तार असलेल्या, सात तारांच्या सतारीवर शिकून पदवीला गेले. विभागातील सर गांधार-पंचमाच्या सतारीचे, म्हणजे उस्ताद विलायत खाँ यांच्या वळणाचे होते. त्या सतारीला खर्ज नसतो, मुख्य तारा सहाच असतात, जवारी (घोडीच्या पृष्ठभागाची घासणी, जिच्यावर नादाची झणझण ठरते) अधिक बंद असते आणि सारा भर गायकी अंगाच्या, म्हणजे गळ्यासारख्या, लांब मींडेवर (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्यावर) असतो. सर उत्तम वादक होते. परंतु पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी खर्जाची तार उतरवायला सांगितली, आणि घरी गुरुजींना ते मुळीच रुचले नाही. त्यानंतर मी दोन्हीकडे दोन प्रकारे वाजवत राहिले, त्याचा परिणाम उजव्या हातावर झाला. दांडीवर टेकलेला अंगठा जागेवर स्थिर असेल तरच मिजराबेचा (बोटातल्या तारेच्या नखीचा) ‘दा’ आणि ‘रा’ हा आघात सारख्या वजनाने पडतो. माझा अंगठा कधी एका गुरूच्या जागी, तर कधी दुसऱ्याच्या जागी सरकू लागला, आणि मसीतखानी गतीच्या (संथ लयीतल्या रचनेच्या) मुखड्यातील (सुरुवातीच्या तुकड्यातील) साधे ‘दिर दा दिर दा रा’ सुद्धा बाराव्या मात्रेवरून उचलताना डळमळू लागले. हा दोष काढायला पदवीनंतरचा बराच काळ खर्ची पडला.

त्यामुळे मुलीने सतार बरोबर घेऊन जावे, शिक्षकांसमोर थोडे वाजवावे आणि “माझ्या हातात आपण काय बदलाल?” असे नम्रपणे विचारावे. “काहीच नाही” असे उत्तर आले, तर शिक्षकांनी नीट पाहिलेच नाही असे समजावे. “सगळेच” असे आले, तर गुरुजींशी सल्लामसलत केल्याखेरीज प्रवेश घेऊ नये.

गजवाला:

मी व्हायोलिन वाजवतो आणि इथे थोडा विरोधी सूर लावतो. वाद्याचा शिक्षक त्याच वाद्याचा हवा, हा आग्रह तुम्ही सर्वजण जरा अधिकच धरता आहात. आपल्या संगीतात वाद्याला राग शिकवतो तो बहुतेक वेळा गळाच. पं. गजाननबुवा जोशी गायनात आणि व्हायोलिनवादनात सारख्याच अधिकाराने वावरले. विदुषी एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले आणि विभागप्रमुखपदही सांभाळले. त्यांच्या गायकी अंगाच्या वादनावर पं. ओंकारनाथ ठाकूर यांचा, म्हणजे एका गायकाचा संस्कार होता. चांगला गायक शिक्षक लाभला तर विद्यार्थ्याला रागाची मांडणी, बंदिशीतली जागा आणि ठहराव कळतो, जो केवळ हाताच्या तयारीतून येत नाही. माझ्या पाहण्यात तयारीची सतार खूप आहे, विचारांची कमी.

तरफ:

गजवाला यांचे उदाहरण त्यांच्याच विरोधात जाते असे मला वाटते. एन. राजम यांचा हात लहानपणीच वडिलांकडे, नारायण अय्यर यांच्याकडे, व्हायोलिनवरच घडला होता. ओंकारनाथांच्या मार्गदर्शनाची वेळ आली तेव्हा गज कसा धरावा हा प्रश्न उरला नव्हता. मध्यमा पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न सुटलेला नसतो. गायकाकडून राग अवश्य घ्यावा. पण पडद्यावर तार ओढताना स्वर किंचित खाली राहतो तो कानाच्या दोषामुळे की बोटाच्या कोनामुळे, हे सतारवादकच सांगू शकतो. तुमचे शेवटचे वाक्य मात्र मान्य आहे.

गुरुजींच्या तालमीविषयी: ती थांबवू नये. शक्य असल्यास गुरुजींनी आणि विभागातील शिक्षकांनी एकदा प्रत्यक्ष भेटून बोलावे. विभागाने बाहेरच्या गुरूंकडील शिक्षणास मनाई केली आणि स्वतः आठवड्याला दोनच तास दिले, तर तो विभाग टाळलेला बरा.

कोथरूडकर पालक:

सर्वांचे मनापासून आभार. एका तासाला किती सतारी, शिक्षकांचा बाज कोणता, ते हातात काय बदलतील आणि बाहेरच्या तालमीस मुभा आहे का, हे चारही प्रश्न घेऊन आम्ही दोन विभागांत जाणार आहोत. गुरुजीही एके ठिकाणी बरोबर येण्यास तयार झाले आहेत. एक शंका राहिली. विभागात रियाजासाठी सतारी ठेवलेल्या असतात असे समजले. रोज कोथरूडहून गणेशखिंडीपर्यंत, म्हणजे विद्यापीठापर्यंत, बसने वाद्य नेणे कठीण आहे, तेव्हा त्यांवर भागेल का?

मिजराब:

माझ्या अनुभवानुसार भागत नाही. सामायिक सतारीची जवारी घासायची कोणी, हे ठरलेले नसते, पावसाळ्यात तारा गंजतात आणि पडदे ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे सरकवलेले असतात. मिरजेचे कारागीर वर्षातून एकदा तरी विभागात येऊन वाद्ये दुरुस्त करून जातात का, हा पाचवा प्रश्न आपल्या यादीत घाला. तशी व्यवस्था असेल तर साध्या पलट्यांसाठी (स्वरांच्या सरावासाठी) ती वाद्ये चालतील. परीक्षेला आणि तालमीला मात्र स्वतःचीच सतार हवी. बसऐवजी कठीण पेटी आणि रिक्षा यांचा खर्च शुल्काबरोबरच धरून ठेवा.