'समजतं', 'कळतं' की 'उमगतं'? व्हायोलेटच्या एका वाक्यापाशी अडलेय

मूळ प्रश्न

रात्री जेवणं आटोपली की आई आणि मी एक जपानी ॲनिमे बघतो, 'व्हायोलेट एव्हरगार्डन'. क्योतो ॲनिमेशनची मालिका, २०१८ सालची, १३ भागांची. खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळतात, ती आईला वाचता येत नाहीत. म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. १२ भाग कसेबसे निभावले. तेराव्यात एका वाक्यापाशी अडले आणि चित्र थांबवून बसले.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हायोलेट ही अनाथ मुलगी, युद्धात हत्यारासारखी वापरली गेलेली. मेजर गिल्बर्ट तिला नाव देतो, लिहा-बोलायला शिकवतो. शेवटच्या लढाईत तिचे दोन्ही हात जातात, आणि तिथे तो तिला म्हणतो, 'आइशितेरु', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. तिला त्या शब्दाचा अर्थच माहीत नसतो. युद्ध संपतं, तिला धातूचे हात बसवतात. मग ती एका टपाल कंपनीत लोकांची पत्रं टंकून देणारी 'बाहुली' होते. का, तर तो एक शब्द तिला जाणून घ्यायचाय. आणि अखेरीस ती म्हणते की आता 'आइशितेरु'सुद्धा मला थोडंसं… समजतं? कळतं? उमजतं? उमगतं?

मी आईला 'समजतं' सांगून मोकळी झाले, पण तोंडातून निघताक्षणीच ते खटकलं. रेल्वेचं वेळापत्रक समजतं, व्याजाचं गणित समजतं. हे तसं नाही.

दुसरा प्रश्न यालाच जोडून. मालिकेवर काही लिहावं म्हणून वहीत पहिली ओळ लिहिली, 'नायिकेचा भावनिक विकास आणि आत्मजाणीव'. शब्द चूक नाहीत, पण प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखे वाटतात. आपण घरात बोलताना यासाठी काय म्हणतो?

प्रतिसाद १

मी पुण्यात जपानी शिकवते, म्हणून मूळ वाक्यांबद्दल सांगते. ताई, तुम्ही ज्या जागी अडलात तिथेच मूळ जपानीतही क्रियापद बदललंय.

सुरुवातीला ती म्हणते, 'आइशितेरु ओ शिरितै नो देस', म्हणजे 'आइशितेरु' जाणून घ्यायचंय. 'शिरु' म्हणजे जाणणं, माहीत करून घेणं. त्याला कर्म लागतं आणि 'ओ' हा त्या कर्माचा प्रत्यय. शेवटी मात्र ती 'शिरु' वापरत नाही. तिथे 'सुकोशि वा वाकारु नो देस' असं येतं. 'वाकारु'चं वागणं निराळं आहे. जे कळतं, तेच साधारणपणे तिथे कर्त्यासारखं उभं राहतं आणि माणूस बाजूला होतो. 'वाकेरु' म्हणजे वेगळं करणं, त्याच्याच कुळातलं हे क्रियापद. गुंता सुटून धागे वेगवेगळे दिसायला लागावेत, तसं काहीसं.

हा फरक मराठीत जसाच्या तसा आहे. आपण 'मी जाणून घेते' म्हणतो, पण 'मला कळतं' म्हणतो. जाणून घ्यायचं ठरवता येतं, त्यासाठी नोकरी धरता येते, जे ती करते. कळायचं मात्र ठरवता येत नाही. राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो, लळा लागतो, आणि हे सगळं 'मला'च. १३ भागांत ती 'मी'कडून 'मला'कडे येते, असं माझं वाचन आहे. वर्गात 'शिरु' आणि 'वाकारु' शिकवताना मी आता हेच उदाहरण देते.

आणखी एक. ती 'आइ', म्हणजे प्रेम, हे नाम वापरत नाही. मेजरच्या तोंडचं आख्खं क्रियापद उचलते आणि त्यालाच विभक्तीचा प्रत्यय लावते. जपानी कानालाही ते किंचित अडखळल्यासारखं वाटतं. प्रेम म्हणजे काय, असा व्यापक प्रश्न तिला पडलेलाच नाही. त्या एका माणसानं त्या एका वेळी उच्चारलेला तो शब्द तिला हवाय. म्हणून मराठीत 'मला प्रेमाचा अर्थ जाणून घ्यायचाय' करू नका, ते फार गुळगुळीत होईल.

प्रतिसाद २

माझं मत 'उमगतं'ला. एक साधी कसोटी लावून बघा. समजणं, त्यावरून समजावणं. उमगण्यावरून असं काही होत नाही. तुम्ही कुणाला काही समजावून देऊ शकता, 'उमगावून' देऊ शकत नाही. व्हायोलेटला तो शब्द कुणीच समजावू शकत नाही. टपाल कंपनीचा मालक हॉजिन्स नाही, तिथलीच दुसरी बाहुली कॅटलिया नाही, मेजर स्वतःही नाही. शेवटी तो तिचा तिलाच उमगतो.

प्रतिसाद ३

'उमगणं' अर्थाला चोख बसतं हे कबूल, पण तिच्या तोंडी ते शोभेल का? ती बोलते कशी ते आठवा. शिपायासारखं, सपाट, अहवाल दिल्यासारखं. कुणी काही सांगितलं की 'र्योउकाइ शिमाशिता', म्हणजे आपल्या पोलिसी भाषेत 'होय सर, नोंद घेतली'. दुसऱ्या भागात एका बाईसाठी ती पत्र लिहिते. बाईंना जरा आढेवेढे घ्यायचे असतात, मनात होकारच असतो. ही मात्र त्यांचे शब्द जसेच्या तसे घेते आणि पत्रात थेट नकार उतरतो. तेव्हा तिला सांगावं लागतं की शब्दांना पुढची बाजू असते तशी मागचीही असते. अशा मुलीनं तेराव्या भागात एकदम 'मला उमगलंय' म्हटलं, तर ती लेखकाची भाषा होईल, तिची राहणार नाही.

मी साधं 'कळतं' घेईन. प्रतिसाद २ मधलीच कसोटी उलटी लावा, 'कळणं'वरून काय होतं? कळवणं. आणि कळवणं हे तर पत्राचंच क्रियापद! खुशाली कळवावी, पोचल्याचं कळवावं, कळविण्यास आनंद होतो. आपल्या टपालाची सगळी भाषा या एका क्रियापदावर उभी आहे. तिचा धंदाच कळवण्याचा. दुसऱ्यांचं कळवता कळवता तिला कळत गेलं. हा मेळ मराठीत छान जमतो.

'कळवळणं'ही कानात वाजतं. व्युत्पत्ती एकच आहे असा माझा दावा नाही. ऐकताना मात्र कळ आणि कळणं शेजारी येतात, आणि या मुलीच्या बाबतीत ते शेजारी आलेले मला चालतील.

प्रतिसाद ४

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आमच्याकडे सातारा भागात 'पोर जाणती झाली' म्हणतात. वय वाढलं एवढाच त्याचा अर्थ नाही. घरात कोण कशानं दुखावलंय हे न सांगता ओळखायला लागली, हट्ट कुठे सोडायचा हे तिचं तिला कळायला लागलं, की पोर जाणती. 'कळतं वय', 'कळत्या वयाचा' हेही त्यातलंच. माझी आजी नातवंडांबद्दल उंची-वजनाच्या आधी हे सांगायची, 'त्याला आता कळाय लागलंय.' काय कळायला लागलंय, असं विचारायची कुणाला गरज पडत नसे. तुमच्या 'भावनिक विकासा'त जे जे येतं, ते सगळं त्या एका वाक्यात बसलेलं असायचं.

एक सावधगिरी. 'शहाणी झाली' लिहू नका. बऱ्याच भागांत त्याचा अर्थ मुलीला पाळी सुरू झाली असा घेतात. 'वयात आली'चंही तेच.

मूळ प्रश्नकर्ती

'कळवणं' वाचलं आणि उठून आईला जाऊन सांगितलं. गेले १२ भाग मी हा शब्द दहा वेळा वापरला असेन, 'ती तिच्या भावाला कळवते', 'आई मुलीला कळवते'. ऐकू मात्र आज आला.

'जाणती'ही आवडला. जाणून घ्यायला निघालेली मुलगी जाणती झाली, म्हणजे शब्दही तोच.

आता दुसरी एक अडचण मांडते. पहिल्या भागात हॉजिन्स तिला म्हणतो की तू जे जे केलंस त्यानं तुझ्या अंगाला आग लागलीय, तू जळते आहेस. ती स्वतःकडे बघून सरळ सांगते, मी जळत नाहीये. मी आईला 'तू जळतेयस' असं सांगितलं, तर आई म्हणाली, 'कुणावर?' बरोबरच आहे, मराठीत माणूस जळतो तो बहुतेक दुसऱ्याच्या भाग्यावर. सातव्या भागात तीच गोष्ट परत येते. मुलगी गमावलेल्या नाटककाराकडे ती काम करते, आणि तिथे तिच्या मनात येतं की मी ज्यांना मारलं त्यांचीही कुणीतरी वाट बघत असणार. मग कबूल करते की हॉजिन्सचं खरं होतं, मी खूप ठिकाणी भाजलेली आहे. या दोन्ही जागी चालेल असा एक शब्द हवा.

प्रतिसाद ५

पोळणं. 'तू पोळते आहेस', आणि मग सातव्या भागात 'मी ठिकठिकाणी पोळले होते'. 'होरपळणं' मोठं आहे, वणव्याचं आणि दुष्काळाचं. तिथे माणूस नुसता सापडतो, त्यात त्याचा स्वतःचा हात नसतो. 'चटका' फार छोटा, क्षणाचा. पोळलेलं मात्र अंगावर राहतं.

स्वयंपाक करणाऱ्याला हे पटेल. घाईत सांडशी न घेता पातेलं उतरवलं की बोट पोळतं, पण त्या वेळी जाणवत नाही, कारण लक्ष दुधाकडे असतं. नंतर भांडी घासताना गरम पाणी लागलं की चुरचुरायला लागतं, आणि मग बघावं तर फोड आलेला. पहिल्या भागात ती 'नाही' म्हणते तेव्हा खोटं बोलत नसते. तिला पाणीच लागलेलं नसतं. लोकांची पत्रं हे ते पाणी.

प्रतिसाद ६

आणि मूळ 'आइशितेरु'चं काय करणार? तो शब्द जपानी घरांमध्ये उठसूट कुणी म्हणत नाही. बरेचदा 'सुकि'वर, म्हणजे आवडण्यावरच भागतं. आपल्याकडेही 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य किती घरांत मोठ्यानं उच्चारलं जातं? जेवलास का, पोचलीस की फोन कर, स्वेटर घेतलास ना, यातच ते जातं.

मी म्हणेन 'जीव'. 'माझा तुझ्यावर फार जीव आहे.' 'प्रेम' म्हटलं की मराठीत लगेच प्रियकर-प्रेयसी उभे राहतात. गिल्बर्टनं तिला वाढवलंय, ती वयानं खूप लहान आहे. त्याच्या त्या शब्दाकडे कसं बघावं यावर प्रेक्षकांची मतं वेगळी आहेत, मलाही तिथे थोडं अवघडल्यासारखं होतं. अनुवादकानं तो निवाडा करून टाकू नये. 'माया' मोठ्यांकडून लहानांकडेच वाहते, त्यामुळे तोही निवाडाच. 'जीव' सगळ्यांना पुरतो. आई लेकीवर, भाऊ बहिणीवर, नवरा बायकोवर, कुणाचाही कुणावरही जीव असतो.

मालिकेत तो शब्द फिरतोही असाच. दहावा भाग घ्या. आजारी आई सात दिवस व्हायोलेटला घरी ठेवून घेते आणि लहानग्या ॲनच्या पुढच्या ५० वाढदिवसांसाठी ५० पत्रं लिहवून घेते. त्या घरी व्हायोलेट सगळे दिवस आवंढा गिळून काढते, पोरीसमोर डोळ्यांतून टिपूस काढत नाही. कचेरीत परत आल्यावर मात्र तिला भडभडून येतं. पहिल्या भागातली व्हायोलेट आणि ही, यांच्यात काय बदललं ते दाखवायला मला तो आवंढा पुरतो. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून आपलं रडू मागे ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिथे 'जीव' शब्द ठेवून पाहा, आईच्या पत्रांनाही बसतो आणि मेजरच्या तोंडीही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

'कळवणं'पुढे मी 'उमगतं'चा आग्रह सोडतो. पण पूर्ण नाही. ती स्वतः बोलते तेव्हा 'कळतं' असू दे. तुम्ही तिच्याबद्दल लिहाल तेव्हा 'तिला उमगलं' लिहा. उमगलेलं माणूस स्वतःबद्दल सहसा सांगत नाही, बघणाऱ्यालाच ते दिसतं.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सहमत. फक्त 'सुकोशि वा'मधला 'वा' सोडू नका. त्यानं 'निदान थोडं तरी' असा अर्थ येतो. सगळं कळल्याचा आव तिथे नाही. 'थोडं' एवढंच ठेवलंत तर तो बारकावा निसटेल.

मूळ प्रश्नकर्ती

मग वाक्य असं केलंय: 'मेजर, तुम्ही म्हणालात ते "जीव आहे तुझ्यावर", तेही मला आता थोडं तरी कळायला लागलंय.' 'कळतं'ऐवजी 'कळायला लागलंय' घेतलं ते साताऱ्याच्या आजींमुळे. जपानीत ते 'लागलंय' नाही हे मला मान्य आहे. पण मराठीत नुसतं 'थोडं तरी कळतं' म्हटलं की 'मला काय कळत नाही का' असा तोरा येतो, आणि तो तिच्या तोंडी नको होता.

काल रात्री तेरावा भाग पुन्हा लावला आणि आईला हे वाक्य सांगितलं. आई 'हं' म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. 'समजतं' म्हटलं होतं त्या दिवशी तिनं नुसतं पुढचा भाग आहे का विचारलं होतं.

वहीतली पहिली ओळ खोडली. आता तिथे 'व्हायोलेट जाणती होते' एवढंच आहे.

'बाहुली' मात्र अजून सुटलेली नाही. कथेत ते नाव मुळात एका यंत्राचं. एका प्राध्यापकानं अंध झालेल्या लेखिका-पत्नीसाठी ते बनवलं, आणि पुढे पत्रं लिहून देणाऱ्या मुलींनाच ते नाव पडलं. मुंबईच्या जीपीओसमोर बसून पत्रं, मनीऑर्डरी लिहून देणाऱ्यांना आपण 'पत्रलेखक' म्हणायचो, त्यात बाहुली येत नाही. 'लेखनिका' म्हटलं तर सरकारी पद वाटतं. 'बाहुली'च ठेवलं तर भावना नसलेली मुलगी हा अर्थ सुरुवातीला बरोबर बसतो, पण दहाव्या भागानंतर तो शब्द तिला लावताना जीभ अडते. यावर कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा.