विषय: गोपनीयता धोरणाच्या नमुन्यात नाशिक सापडणार नाही

प्रेषक: सचिव

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

जर्मनीतील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या नोंदणीत यंदा काही नव्या कुटुंबांनी अर्ज अर्धवट सोडला. त्यांपैकी एका भगिनींनी फोन करून विचारले की, मुलांच्या जन्मतारखा आणि घरचा पत्ता तुम्ही मागता, पण ते कुठे ठेवता हे संकेतस्थळावर कुठेच लिहिलेले नाही. प्रश्न रास्त आहे. गोपनीयता धोरणाचे पान असेल तर नव्याने येणाऱ्यांना विश्वास वाटेल, असे कार्यकारिणीचे मत झाले. तयार नमुने मिळतात. त्यांपैकी एक घेऊन, मंडळाचे नाव घालून तो येत्या रविवारपर्यंत लावावा, असा प्रस्ताव आहे. संकेतस्थळाचे काम नाशिकहून पाहणाऱ्या आपल्या जुन्या सभासदांनी मत कळवावे, ही विनंती.

प्रेषक: संकेतस्थळाचे काम पाहणारा सभासद, नाशिक

सन्माननीय सचिव आणि सभासदहो, स. न. वि. वि.

पान हवेच, आणि ते आपण फार पूर्वी लावायला हवे होते. युरोपीय संघाचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, 25 मे 2018 पासून लागू आहे. कुणाची माहिती घेताना ती कोण घेतो, कशासाठी, कुणाला देतो आणि किती काळ ठेवतो हे सांगण्याचे बंधन त्याच्या कलम 13 मध्ये आहे. घरगुती वापराला त्यात सूट असली, तरी जर्मनीत नोंदलेल्या मंडळाला ती मिळत नाही. माझा आक्षेप आहे तो नमुन्याला.

आपल्या अर्जातील माहिती प्रत्यक्षात कुठे कुठे जाते, ते पाहा. ती आधी ऑनलाइन तक्त्यात जाते, तिथून खजिनदारांच्या लॅपटॉपवर जाते, आणि दर आठवड्याचा बॅकअप इथे नाशिकला, कॉलेज रोडवरील ज्या व्यावसायिकांना आपण संकेतस्थळाची देखभाल सोपवली आहे, त्यांच्या कार्यालयातील संगणकावर उतरतो. मी पाहिलेल्या एका नमुन्यात "आपली माहिती युरोपातच राहते" असे ठळक अक्षरांत लिहिले होते. ते आपण जसेच्या तसे लावले असते, तर विश्वास वाढवण्यासाठी केलेल्या पानाची सुरुवातच खोट्याने झाली असती. माहिती युरोपबाहेर पाठवत असू तर ते सांगावे लागते. भारताला युरोपीय आयोगाची पर्याप्ततेची मान्यता, म्हणजे तिथे माहितीला पुरेसे संरक्षण मिळते असा निर्वाळा, नसल्यामुळे त्या व्यावसायिकांशी आयोगाच्या प्रमाण कलमांनुसार, म्हणजे त्याने ठरवून दिलेल्या कराराच्या मजकुरानुसार, लेखी करारही करावा लागतो. आपला सगळा व्यवहार आजवर चहाच्या टपरीवर तोंडी ठरलेला आहे.

दुसरी गोष्ट देवनागरी अक्षरांची. आपल्या पानांवरील मराठी टंक (फाँट) गूगलच्या सर्व्हरवरून येतो, म्हणजे पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता, अर्थात त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, त्याने काही भरण्याआधीच तिकडे पोहोचतो. म्युनिकच्या न्यायालयाने 20 जानेवारी 2022 रोजी अशाच प्रकरणात संकेतस्थळाच्या चालकाला 100 युरो भरपाई द्यायला लावली होती. यावर धोरणात परिच्छेद लिहिण्यापेक्षा टंकाची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवणे सोपे आहे. ते काम मी काल रात्री उरकले.

आता जरा अप्रिय विषय. गेल्या वर्षी गंगापूर रोडवर राहणाऱ्या माझ्या वडिलांना एका विमा एजंटाचा फोन आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचे चिरंजीव जर्मनीहून परत आले ना?" मी अर्जात तातडीच्या संपर्कासाठी दिलेला तो क्रमांक होता, आणि तक्ता दुवा असलेल्या कोणालाही उघडता येत होता. एजंटाला तो तिथूनच मिळाला, हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वडिलांना काय उत्तर द्यावे, हेही मला सुचले नाही. त्यांनी मंडळाला आपला क्रमांक कधी दिलाच नव्हता. ज्याची माहिती दुसऱ्याकडून घेतली, त्यालाही ती कळवावी, असे कलम 14 सांगते. आपल्या यादीतील अशा आई-वडिलांपैकी किती जणांना आपण कळवले आहे?

आणि गोत्र! सामुदायिक सत्यनारायणासाठी कधीतरी घातलेला गोत्राचा रकाना दिवाळी फराळाच्या अर्जातही तसाच राहिला आहे. पंचवटीतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या पणजोबांचे नाव, गाव आणि गोत्र लिहिलेले आहे, आणि त्याबद्दल घरात कुणाला कधी शंका आली नाही, कारण ती वही कुणाकडे आहे, कशासाठी आहे आणि आपल्या पानावर काय लिहिले आहे, हे समोर बसून वाचता येते. फराळाच्या अर्जात मात्र गोत्राचे काय काम? धार्मिक श्रद्धा उघड करणारी माहिती कलम 9 नुसार विशेष संरक्षणाची आहे. ती निष्काळजीपणे गोळा करून वर धोरणाचे पान लावणे मला पटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, आधी अर्ज छाटावा. गोत्र काढावे, मुलांच्या जन्मतारखेऐवजी वयोगट विचारावा आणि तातडीचा क्रमांक फक्त सहलीपुरता घेऊन सहल संपताच पुसावा. त्यानंतर जे उरेल, तेवढेच धोरणात लिहावे. रविवार चुकला तरी चालेल.

प्रेषक: खजिनदार

सप्रेम नमस्कार. आपल्या वडिलांना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे. तक्त्याचा दुवा मी आज बंद केला. दोन शंका आहेत. संकेतस्थळावर इम्प्रेसुम, म्हणजे चालकाची ओळख देणारे पान, आहेच, ते पुरत नाही का? आणि मराठीत लिहिलेल्या धोरणाला काही किंमत आहे का?

प्रेषक: संकेतस्थळाचे काम पाहणारा सभासद, नाशिक

खजिनदार साहेब, दुवा बंद केल्याबद्दल आभार. आपण कोण आहोत, हे इम्प्रेसुम सांगते. लोकांच्या माहितीचे आपण काय करतो, हे ते सांगत नाही. भाषेचे म्हणाल तर कायद्याला साधी, समजेल अशी भाषा हवी आहे, आणि आपला वाचक मराठी आहे. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. काही सभासदांचे जोडीदार जर्मन आहेत, म्हणून जर्मन मसुदाही सोबत ठेवू. तो मात्र तिथल्या एखाद्या जाणकार सभासदाने नजरेखालून घालावा.

मंगळवारी मी कॉलेज रोडच्या कार्यालयात जाऊन जुने बॅकअप माझ्यासमोर पुसून घेतो आणि कराराचा कागदही नेतो. 'आपली माहिती कुठे असते' या परिच्छेदात "मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल नाशिक, भारत येथून होते" हे वाक्य मी सर्वांत वर घातले आहे. कार्यकारिणीला ते खाली ढकलावेसे वाटल्यास कारण कळवावे.