लेस्टर कौन्सिल: लेबर ५३ वरून ३१ वर आलं ते बरं झालं की वाईट?

सोनचाफा
आमच्याकडे कौन्सिलच्या निवडणुकीचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून मे २०२३ वरच येते, म्हणून धागा काढतेय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या महानगरपालिकेत, ५४ जागा. २०१९ ला त्यातल्या ५३ लेबरच्या (मजूर पक्ष), उरलेली एक लिब डेमची (लिबरल डेमोक्रॅट). ४ मे २०२३ ला लेबर ३१ वर आलं, २०१९ ला एकही जागा न मिळालेल्या कॉन्झर्व्हेटिव्हना (हुजूर पक्ष) १७, ग्रीन ३, लिब डेम ३. आणि त्याच दिवशी बाकी इंग्लंडात कॉन्झर्व्हेटिव्हनी हजाराच्या वर जागा घालवल्या!

माझं मत सरळ आहे, झालं ते चांगलं झालं. ५४ मध्ये ५३ एकाच पक्षाचे असतील तर सभागृहात उभं राहून हिशोब विचारणार कोण? मी तेव्हा इथे पहिल्यांदा मत दिलं, इंडियन पासपोर्टवर. हो, कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना मत आहे, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. टेबलावरच्या बाईंनी पासपोर्टमधला फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, यादीत रेघ मारली आणि कागद दिला. दोरीला बांधलेली पेन्सिल, तीन नगरसेवकांचा वॉर्ड म्हणून तीन फुल्या. पुण्यातल्या प्रभागासारखं अ ब क ड वेगवेगळं नाही, एकाच कागदावर सगळी नावं. हात थरथरत होता खरंच.

घाटवाट
पूर्ण असहमत, ताई. तुम्ही आकडे सांगितलेत पण त्याच्या आधीचं वर्ष सोडून दिलंत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारत-पाकिस्तान मॅचनंतर इथे जे सुरू झालं ते सप्टेंबरपर्यंत चाललं, हिंदू आणि मुस्लिम पोरं समोरासमोर आली, मधे पोलीस. त्यानंतर महिन्याभरात नॉर्थ एव्हिंग्टन वॉर्डाची पोटनिवडणूक आणि लेबरची जागा गेली कॉन्झर्व्हेटिव्हकडे. तेव्हा निवडून आलेले संजय मोढवाडियाच पुढे २०२३ ला महापौरपदाला (इथे महापौर लोक थेट निवडतात) उभे राहिले आणि दुसरे आले. १७ जागा मुख्यतः शहराच्या कुठल्या भागात मिळाल्या ते नकाशावर बघा. याला विरोधी पक्ष नाही म्हणत हो, याला शहर दुभंगणं म्हणतात. माझी मुलं ज्या शाळेत जातात तिथे दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात, म्हणून मला याची भीती वाटते.

करवंद
घाटवाट दादा, सगळं धर्मावर नका ढकलू. लेबरने स्वतःच्या १९ नगरसेवकांची तिकिटं कापली होती!! एकदम १९!! उमेदवार निवडायचं काम स्थानिक शाखेकडून काढून वरच्यांनी हातात घेतलं. त्याच मार्चमध्ये थेट निवडलेला महापौर नकोच असा ठराव आला होता, तो पडला, पण लेबरचेच काही जण ठरावाच्या बाजूने होते. नंतर लेबरच्याच नगरसेविका राहिलेल्या रीटा पटेल अपक्ष म्हणून महापौरपदाला उभ्या राहिल्या. ज्या माणसाने दहा वर्षं तुमच्या गल्लीतला कचरा, तुंबलेलं गटार, ओल आलेल्या भिंती बघितल्या, लायब्ररीत बसून तुमची तक्रार लिहून घेतली, त्याचं नाव कागदावर नसेल तर लोक पक्षाचं चिन्ह बघून का मत देतील? आमच्या घरी सासूबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला म्हणे, ओळखीचं एक नाव नाही.

घाटवाट
तिकिटं कापली ते चूकच, ते मान्य. पण राग आला तर ग्रीन होते, लिब डेम होते, त्यांना ३-३ आणि यांना १७ का?

नीरफणस
कोणी महापौराचं बोलतच नाहीये. लेबरचे पीटर सोल्सबी २०११ पासून आहेत, २०२३ ला परत आले ते साधारण ३९ टक्क्यांवर. म्हणजे दहातल्या सहांनी दुसऱ्याच कुणालातरी मत दिलं. आधी महापौराला पहिली पसंती आणि दुसरी पसंती देता यायची, २०२२ च्या कायद्याने ते बंद केलं, आता ज्याला जास्त तो आला. माझ्या मते खरा अन्याय हा आहे. फोटो आयडी पण त्याच वर्षी सक्तीचा झाला, म्हाताऱ्या माणसांचा बसपास चालतो आणि विद्यार्थ्यांचं रेलकार्ड चालत नाही, हे कुठलं शहाणपण?

सोनचाफा
नीरफणस, दुसऱ्या पसंतीबद्दल १०० टक्के सहमत, ती परत आलीच पाहिजे.

घाटवाट, तुमची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. २०२२ च्या त्या दिवसांत मीही संध्याकाळी दुकानात जायचं टाळत होते, आणि दोनच वर्षांनी, २०२४ ला लेस्टर ईस्टची खासदारकी कॉन्झर्व्हेटिव्हच्या शिवानी राजा जिंकल्या, देशभर त्यांचा पक्ष बुडत असताना, त्यामुळे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग उपाय काय, परत ५३? एवढ्या सगळ्या जागा हातात होत्या तेव्हाच तर ते सगळं पेटलं ना, आधी कोणाला चाहूल लागली होती का?

घाटवाट
नाही लागली, हे खरं आहे. पण १७ जणांनी ती चाहूल घ्यावी असं तुम्ही म्हणता, तर त्यातल्या एकाने तरी पलीकडच्या गल्लीत जाऊन दार वाजवलेलं मला दाखवा, मी पुढच्या वेळी त्याला फुली मारीन.