मदत हवी आहे: लोखंडी पात्याचा बाण सरळ, दगडी पात्याचा मात्र डावीकडे. का?

नमस्कार मंडळी,

विषय आडवाटेचा आहे, पण इथे सुतारकाम करणारे, धनुर्विद्येतले आणि पुरातत्त्वातलेही लोक वाचतात, म्हणून विचारतेय.

मी मिसुरीत, सेंट लुईसच्या जवळ राहते. शेजारी एक आजोबा आहेत, उभा जन्म शिकारीत गेलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला हिकरीच्या लाकडाचं एक साधं धनुष्य दिलं. ओढ (दोरी ताणायला लागणारा जोर) ४५ पौंड. विकतचे बाण सहा महिन्यांत हरवून-मोडून संपले. तेव्हा आजोबा म्हणाले, आता स्वतःचे कर. तिथून हे खूळ लागलं.

दांड्या डॉगवूडच्या. ओढ्याकाठी त्याच्या सरळसोट फांद्या मिळतात. हिवाळ्यात तोडल्या, साल काढली, जुडी बांधून चार महिने सावलीत वाळवल्या, मग शेगडीवर गरम करून हाताने सरळ केल्या. हे काम म्हणजे निव्वळ भक्ती. आज सरळ केलेली दांडी उद्या सकाळी पुन्हा वाकडी तोंड करून बसते. पिसं टर्कीची, आजोबांकडूनच. (अंगणात पडलेलं ससाण्याचं सुंदर पीस वापरायला निघाले होते, पण इथे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली ते नुसतं उचलून घरात ठेवणंही गुन्हा आहे. परत ठेवून आले.) बांधायला हरणाच्या पायाची शीर (रक्तवाहिनी नव्हे, चिवट कंडरा) आणि चिकटवायला सरस.

पाती दोन प्रकारची केली. तीन बाणांना लोखंडी, तीन बाणांना दगडी.

लोखंडी पाती लाकडी पिंपाच्या जुन्या पट्ट्यातून कापली. फरच्या व्यापाराच्या काळात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले मूळ रहिवासी पिंपांचे पट्टे, फुटके तवे यांतूनच बाणांची पाती कापत, तसंच. पट्टा दीड मिलिमीटर जाडीचा. करवत, कानस आणि अर्धा दिवस एवढ्यात एक पातं होतं. वजन साधारण साडेनऊ ग्रॅम.

दगडी पाती बर्लिंग्टन चर्टची. हा आमच्या भागातला गारगोटीच्या जातीचा पांढरट दगड, हजारो वर्षं इथले लोक हाच फोडत आलेत. भाजला की गुलाबीसर, तुकतुकीत होतो आणि टवके जास्त लांब निघतात. तांब्याच्या ठोकणीने मोठे टवके काढायचे, मग मांडीवर जाड कातडं ठेवून हरणाच्या शिंगाच्या टोकाने कडा दाबत दाबत धार काढायची. पंचवीस-तीस दगड वाया घालवल्यावर तीन पाती हाताला लागली. प्रत्येकी साडेचार ग्रॅमच्या आसपास.

आता अडचण.

पंधरा यार्डांवर गवताच्या गठ्ठ्यावर नेम धरते. उजव्या हाताने ओढते. लोखंडी पात्याचे तिन्ही बाण मुठीएवढ्या जागेत, मध्यावर बसतात. दगडी पात्याचे तिन्ही बाण एकमेकांच्या जवळच बसतात, पण सगळे एक वीतभर डावीकडे. दर वेळी. म्हणजे माझ्या हाताची चूक नसावी, हात चुकला तर बाण विखुरले असते.

वजनाचा फरक म्हणाल तर तो मी आधीच काढून टाकलाय. दगडी पातं हलकं, हे माहीत होतं, म्हणून त्या बाणांना मुद्दाम जरा भरीव दांड्या निवडल्या. सहाही बाण ४४ ग्रॅमचे, एखाद्या ग्रॅमचा इकडेतिकडे. लांबी सारखी, पिसं सारखी. मग फरक उरतो कुठे? दगडी पातं अगदी सममित नसतं, त्यामुळे वारा पकडतं का?

दुसरी अडचण: दगडी पाती गेल्या महिन्याभरात खाचेत डुगडुगायला लागली. बांधणी केली तेव्हा दगडासारखी घट्ट होती.

तिसरा प्रश्न निव्वळ हौसेचा. माझं माहेर नेवासं. गेल्या खेपेला प्रवरेच्या पात्रातून दोन गारा उचलून आणल्या, लिंबाएवढ्या, आतून दुधी. त्यांचं पातं होईल का? दगड दोनच आहेत, फोडून बघायचं धाडस होत नाही.

प्रतिसाद १

ताई, शिकार करणार आहात का? विचारण्याचं कारण, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सगळं बंद आहे, आणि धागा वाचून कुणी पोरगं सशामागे लागायला नको.

धागाकर्ती

रास्त प्रश्न. भारतात अजिबात नाही, हे इथे ठळकपणे लिहून ठेवते. इथे हरणांच्या हंगामात परवाना काढून शिकार करता येते, पण माझा हात अजून त्या लायकीचा नाही. सध्या माझं सावज म्हणजे गवताचा गठ्ठा. आणि कोणतं पातं चालतं याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, ते वाचल्याशिवाय दगडी पातं घेऊन कुणी रानात जाऊ नये.

प्रतिसाद २

वारा नाही, पातंही नाही. चोर दांडीत आहे, आणि तो तुम्हीच घरात घेतलाय. "मुद्दाम जरा भरीव दांड्या निवडल्या" हे तुमचंच वाक्य पुन्हा वाचा.

बाण सुटतो तेव्हा दोरी त्याला मागून रेटते. पुढचं टोक जड, ते हलायला वेळ घेतं. या ओढाताणीत मधली दांडी वाकते, धनुष्याच्या मुठीला वळसा घालते, मग उलटी वाकते आणि अशी माशासारखी सळसळत जाऊन सरळ होते. दांडी गरजेपेक्षा ताठ असली तर ती पुरेशी वाकत नाही, मुठीला घासून बाहेर फेकली जाते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, लेचापेचा उजवीकडे.

तुमच्या दगडी बाणांत दोन्ही गोष्टी एकाच बाजूला खेचतायत. दांडी जाड, म्हणजे मुळातच ताठ. त्यात टोक पाच ग्रॅमने हलकं, म्हणजे तिला वाकवणारा भारही कमी. एकूण वजन सारखं आहे हे खरं, पण ते वजन बसलंय कुठे, ते बघा.

मोजून खात्री करा. भिंतीत दोन खिळे २६ इंच अंतरावर ठोका, त्यावर दांडी आडवी ठेवा, बरोबर मध्यात दोन पौंड (९०७ ग्रॅम) वजन टांगा. मध्य किती इंच खाली येतो ते मोजा. २६ ला त्या आकड्याने भागलं की दांडीचा ताठपणा पौंडांत मिळतो. अर्धा इंच वाकली तर ५२. पिसांची अडचण होत असेल तर पिसं खिळ्याच्या बाहेर राहतील अशी दांडी सरकवा. फांदीची दांडी चारी बाजूंनी सारखी नसते, तेव्हा फिरवून दोनदा मोजा आणि जी बाजू धनुष्याला टेकते तिचा आकडा धरा.

आणि एक. लगेच तासायला बसू नका. आधी एका दगडी बाणाला पात्याच्या मागे पाच ग्रॅम तांब्याची तार गुंडाळा आणि सोडून बघा. बाण मध्याकडे सरकला तर मी म्हणतो ते खरं. नाही सरकला तर तार सोडा, मला चार शिव्या द्या.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत. मी डुगडुगणाऱ्या पात्यांबद्दल लिहितो.

तुम्ही बांधणी कधी केली? हिवाळ्यात केली असेल तर कारण साधं आहे. सरस आणि शीर, दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. तुमच्याकडचा जून-जुलै दमट असतो. पापड सादळतो तसा सरस सादळतो, ओली शीर सैल पडते, आणि एकदा पातं हललं की खाचेची भोकं मोठी होत जातात.

शीर उत्तमच आहे, ती वाळताना आवळते, तसं दुसरं काही आवळत नाही. पण तिच्यावर पांघरूण हवं. पाइनची राळ घ्या, तिच्या साधारण चौथा हिस्सा कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि चिमूटभर मधमाश्यांचं मेण. मंद आचेवर, उघड्या ज्वाळेपासून लांब, कारण राळ भडकन पेटते. उकळू द्यायची नाही, उकळली की ठिसूळ होते. गार झाल्यावर नख दाबा. काचेसारखी तडकली तर मेण वाढवा, नख रुतलं तर कमी करा.

खाचेत आधी ही गरम राळ भरा, मग पातं बसवा. पातं लाकडावर नाही, राळेवर टेकलं पाहिजे. मधे पोकळी राहिली तर आपटल्याबरोबर दगड तरी तडकतो, नाहीतर दांडी उभी चिरते. खाचेच्या खालीही शिरेचे चार-पाच वेढे द्या, चीर तिथेच थांबते. शेवटी सगळ्या बांधणीवर राळेचा पातळ हात.

आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेला तो बर्फातला माणूस, ओट्झी, त्याच्याकडच्या पूर्ण झालेल्या बाणांवर पाती भूर्जाच्या डांबराने बसवून वर दोरा गुंडाळलेला आहे. पाच हजार वर्षांनीही ते डांबर जागेवर आहे. त्याच्या भात्यात चौदा बाण होते आणि त्यातले दोनच पुरे झालेले, हेही सांगून ठेवतो. तुमचे सहा झालेत. आमच्या गॅरेजात माझे सतरा अर्धवट आहेत, बायको मोजते.

प्रतिसाद ४

पुरातत्त्व शिकतेय, त्यामुळे नेवासं हा शब्द दिसला की गप्प बसवत नाही.

ताई, तुमच्या माहेरच्या नदीकाठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाण (तांबं आणि दगड दोन्ही वापरात असलेल्या काळाच्या) थरांत अशाच दुधी गारेची, म्हणजे कॅल्सेडनीची पाती भरपूर मिळतात. पण ती बाणाच्या टोकासारखी त्रिकोणी नाहीत. लांबट, समांतर कडांची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी पाती. आपल्याकडच्या गारा लहान असतात. लिंबाएवढ्या गारेतून आधी साल आणि खराब भाग गेला की आत उरतो सुपारीएवढा गाभा. म्हणून इथल्या लोकांनी मोठं टोक काढण्याचा हट्ट केला नाही. त्यांनी छोटी छोटी पाती काढली आणि लाकडात, हाडात ओळीने डिंकाने बसवली. एक तुटलं तर तेवढंच बदलायचं. मला ही युक्ती एकाच मोठ्या टोकापेक्षा जास्त हुशारीची वाटते, पण मी एकतर्फी आहे.

फोडायची पद्धत हवी असेल तर गुजरातमधल्या खंबायतच्या अकीक (रंगीत गारा) घडवणाऱ्या कारागिरांची बघा. ते जमिनीत लोखंडी खुंटा तिरका रोवतात, दगडाची कडा त्याच्या टोकावर टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोकतात. टवका खालून, खुंट्याच्या बाजूने निघतो. लहान, गोलसर दगडासाठी हे फार सोयीचं. तेही दगड आधी मडक्यात, मंद आचेवर भाजून घेतात. घाई केली तर दगड आतल्या आत तडकतो, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते.

पण दोनच दगड आहेत ना? मग आधी बाटल्यांचे बूड फोडून हात बसवा. कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये बाहेरच्या जगात आला आणि पुढे संग्रहालयात लोकांना पाती करून दाखवायचा. तोही बाटलीच्या काचेची सुरेख पाती करत असे. काच फुकट मिळते, आणि चुकली की माहेर आठवत नाही.

दगड घरात फोडू नका. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, चष्मा आणि मास्क लावून. ही धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार यातच गेला, सविस्तर लिहिते.

खिळे ठोकले. लोखंडी बाणांच्या दांड्या ०.५२ इंच वाकल्या, म्हणजे ५० पौंड. दगडी बाणांच्या ०.४२, म्हणजे जवळजवळ ६२. एवढा फरक? मग जाडी मोजली. लोखंडीवाल्या ९ मिलिमीटर, दगडीवाल्या साडेनऊ. अर्ध्या मिलिमीटरने बारा पौंड! नवऱ्याने (इंजिनियर, आतापर्यंत या प्रकरणापासून चार हात लांब) कागदावर मांडून दाखवलं की ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तेव्हापासून तोही अंगणात येऊन उभा राहतो आणि न विचारता सल्ले देतो.

तारेचा प्रयोग केला. वीतभर डावीकडे जाणारा बाण चार बोटांवर आला. शिव्यांतून वाचलात तुम्ही.

मग दोन दांड्या फुटक्या काचेच्या कडेने खरवडल्या. मुख्यतः मधला भाग उतरवला, पिसांकडची बाजू जराशी निमुळती केली, आणि दर वीस-पंचवीस हातांनी खिळ्यांवर ठेवून मोजलं. ०.५४ ला थांबले, म्हणजे ४८. टोक हलकं आहे म्हणून लोखंडीपेक्षा किंचित मऊ ठेवली. बाण आता ४१ ग्रॅमचे झाले आणि लोखंडीपेक्षा दोन बोटं वर लागतात, पण डावीकडे नाही.

बांधणी हिवाळ्यातलीच होती, फेब्रुवारीतली. सोडवली. एका खाचेत खरंच पोकळी निघाली, आत सरसाचा पिवळा भुगा. राळेचा पहिला घाणा उकळला आणि नखाखाली तडकला, दुसरा जमला. घराला अजून देवळासारखा वास येतोय.

तिसरी दांडी खरवडायच्या आधी सवयीने एकदा सोडून बघितली. डावीकडे गेली, गठ्ठा चुकला, कुंपणाच्या खांबावर आपटली. पात्याचे तीन तुकडे. आता त्या दांडीला पातं हवंय, आणि चर्ट संपलाय.

गारा अजून खिडकीत आहेत. रात्री बाटल्या गोळा करून ठेवल्यात. खंबायतच्या खुंट्याचं टोक नेमकं किती कोनात असतं, आणि दगड टेकवताना कडा टोकाच्या वर असते की बाजूला, हे कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.